तुरुंगातल्या कैद्यांना इंटरनेट मिळावे का?

‘कैद्यांना इंटरनेट’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बराकीत लोळत रील्स बघणारा गुंड येतो. ज्या देशांत ही सोय आहे, तिथले चित्र मात्र वेगळे आहे. देखरेखीखालचा संगणक, त्यावर मोजकी संकेतस्थळे, बाकी सगळे बंद.

न्यायालये काय म्हणतात?

सर्वाधिक चर्चा होते ती ‘काल्दा विरुद्ध एस्टोनिया’ या खटल्याची. एस्टोनियात कैद्यांना कायदे आणि न्यायालयीन निकाल अशा खास संगणकांवर पाहता येतात. जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्याला आणखी तीन संकेतस्थळे हवी होती. त्यांपैकी एक चक्क देशाच्या संसदेचे होते. सुरक्षा आणि खर्च ही कारणे देऊन सरकारने नकार दिला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये निकाल कैद्याच्या बाजूने दिला. मात्र प्रत्येक कैद्याला इंटरनेट दिलेच पाहिजे, असे न्यायालय म्हणाले नाही. संगणक आहे, देखरेख आहे, काही संकेतस्थळे खुली आहेत. मग हीच तीन बंद का, याचे पटणारे कारण सरकारकडे नव्हते. पुढच्याच वर्षी लिथुआनियातल्या एका कैद्याबाबत तसाच निकाल लागला. त्याला विद्यापीठातील प्रवेशाची माहिती हवी होती आणि शिक्षण मंत्रालयाने ‘ती आमच्या संकेतस्थळावर आहे’ असे कळवले होते!

भारतात असा थेट निकाल नाही. पण महाराष्ट्रातला एक जुना खटला इथे उपयोगी पडतो. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला राज्य सरकारने मनाई केली. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई बेकायदा ठरवली. स्थानबद्धतेच्या नियमांत जे निर्बंध नाहीत, ते सरकारला आपल्या मर्जीने लादता येत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग भीती कसली?

भीती खोटी नाही. चोरून आत आलेल्या मोबाइलवरून खंडणी मागणे, साक्षीदारांना धमकावणे हे प्रकार घडतात. म्हणूनच केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात तुरुंगात मोबाइल वापरणाऱ्यांसाठी शिक्षेची तरतूद आहे. (तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे हा कायदा स्वीकारायचा की नाही हे राज्ये ठरवतात.) पण धोका इथे नजरेआडच्या फोनचा आहे. नोंद राहणारा, मोजकीच संकेतस्थळे उघडणारा संगणक ही वेगळी वस्तू आहे. अमेरिकेतील केंद्रीय तुरुंगांत कैद्यांना ईमेल करता येतो. मात्र इंटरनेट मिळत नाही आणि प्रत्येक संदेश तपासता येतो. फिनलंडमध्ये हामेनलिना इथल्या महिला तुरुंगात तर कोठडीतच मर्यादित वापराचा संगणक दिला जातो.

खरी अडचण वेगळीच आहे. देखरेखीला माणसे लागतात. २०२२ अखेर भारतातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते. जिथे झोपायला जागा पुरत नाही, तिथे संगणकाच्या खोलीवर कोणाला बसवायचे?

कोणाला फरक पडेल?

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, असे. खटल्याची पुढची तारीख, आदेशाची प्रत हे सगळे आज ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट दिसते. काही कारागृहांत त्यासाठी किऑस्क आहेत. जिथे नाहीत, तिथे कैद्याला वकिलाची किंवा घरच्यांच्या मुलाखतीची वाट पाहावी लागते. शिक्षणाचेही तेच. ‘इग्नू’ आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे काही कारागृहांत आहेत, पण मुक्त विद्यापीठांचे बरेचसे व्यवहार आता ऑनलाइन झाले आहेत.

दार थोडे किलकिले झालेच आहे. कोरोनाकाळात भेटी बंद झाल्या, तेव्हा व्हिडिओ कॉलवरच्या ‘ई-मुलाखती’ देशभर वाढल्या आणि साथ ओसरल्यावरही चालू राहिल्या. कच्च्या कैद्यांसाठी ई-कोर्ट्सचे एक पान खुले करणे हे त्याहून कमी जोखमीचे आणि कमी खर्चाचे काम आहे.