माणिकगड : सीमेच्या दोन्ही बाजूंचा इतिहास

गोंडवनाच्या इतिहासात चांद्याच्या परकोटाचे वर्णन विस्ताराने येते. परंतु चांदा वसण्यापूर्वी त्या राजकुलाचा आधार असलेला माणिकगड बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. गडचांदूरनजीक, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असलेला हा किल्ला आज चंद्रपूर जिल्ह्यात मोडतो. १९५६ पर्यंत मात्र तो आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होता. त्याच्या उपेक्षेचे एक कारण या स्थलांतरित सीमेत आहे.

नवव्या शतकाच्या सुमारास माना नागवंशी राजांनी हा गड उभारला, असे परंपरा मानते. गहिलू हे त्या राजाचे नाव सांगितले जाते. माणिक्यादेवी ही नागवंशीयांची रक्षक देवता. तिच्यावरून गडाला नाव मिळाले. प्रवेशद्वाराच्या माथ्यावर कोरलेला नाग ही या परंपरेची दगडातील खूण होय. काळ्या दगडांच्या तटाने डोंगरमाथ्यावरील एक खोलगट भाग वेढलेला असून त्याच्या तळाशी तलाव व जुन्या इमारतींचे अवशेष आहेत.

मानांनंतर गोंडांची सत्ता आली. भीम बल्लाळसिंह या मूळ पुरुषाची राजधानी सिरपूर येथे होती आणि त्याचा मुख्य किल्ला माणिकगड होता, असे चांद्याचे बंदोबस्त अधिकारी मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ च्या अहवालात परंपरेच्या आधारे नोंदविले. राजधानी सखल प्रदेशात आणि बळकट आश्रयस्थान मागील डोंगरात, अशी ही रचना होती. पुढे राजधानी बल्लारपूरला व तेथून चांद्याला गेली. तरीही गडाचे महत्त्व संपले नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्यात माणिकदुर्ग नावाचा सरकार दाखविला आहे. मात्र, भोवती दाट अरण्य असलेला हा डोंगरी किल्ला अद्याप स्वतंत्र मुलखात असल्याची कबुलीही त्याच ग्रंथात आहे. मोगलांनी आपल्या दप्तरात त्याची गणना केली. सत्ता मात्र गोंडांचीच राहिली.

कालांतराने हा मुलूख निजामाच्या राज्यात गेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका नांदेडला व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. सिरपूर आंध्र प्रदेशात राहिले; २०१४ नंतर ते तेलंगणात आले आणि २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. एकाच राज्याची राजधानी आणि तिचा किल्ला अशा रीतीने दोन राज्यांत विभागले गेले. एकाचा इतिहास तेलुगूत, दुसऱ्याचा मराठीत लिहिला जाऊ लागला. दोहोंना जोडणारी कथा मात्र प्रधान गायकांच्या किंगरीवर, गोंडांच्या वंशगाथांतून राहिली.

या मौखिक ठेव्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले, ते आदिलाबादमध्येच. हायमेन्डॉर्फ यांनी १९४० च्या दशकात येथील राजगोंडांचा अभ्यास केला. सेतुमाधवराव पगडी यांनीही आदिलाबादच्या गोंडांवर ग्रंथ लिहिला. त्या कामाला माणिकगड व सिरपूर यांच्या एकत्रित इतिहासाची जोड मिळणे अद्याप आवश्यक आहे. किंगरीवर गाणारे प्रधान उत्तरोत्तर कमी होत आहेत. तट ढासळला तरी दगड मागे राहतात. गाथा गाणारा गेला की त्याच्या मुखातील इतिहासही जातो. तो टिपून ठेवणे हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथालयांचे कर्तव्य ठरते.