मोबाईल घेताना घाई, नंतर पस्तावा! दुकानात काय बघायचं, फसगत झाली तर दाद कुठं मागायची?

सोयाबीनची पट्टी हातात आली, दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या मोबाईल दुकानांत गर्दी होते. फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ई-पीक पाहणी करायची तर शेतात उभं राहून पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह घ्यावा लागतो. बँकेचा ओटीपी, पीएम किसानची ई-केवायसी, बाजारभाव, पोरांचा अभ्यास सगळं त्याच्यावरच. त्यामुळे दहा-पंधरा हजारांचा फोन महिन्याभरात रडायला लागला तर पैसेही जातात आणि कामंही अडतात.

मात्र तक्रार करण्याआधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. फोन बिघडलेला निघणं, जुना माल नवा म्हणून विकला जाणं, खोटी माहिती देणं, ही दुकानदाराची किंवा कंपनीची चूक. तिथं कायदा ग्राहकाच्या बाजूनं उभा राहतो. पण फोन चांगला आहे आणि आपल्याच कामाचा नाही, तर ती निवडीतली चूक. गावात रेंज पकडत नाही, मेमरी लगेच भरली, कॅमेरा मनासारखा नाही, अशा गोष्टींसाठी फोन परत घ्यायला दुकानदार सहसा बांधील नसतो. त्यामुळे निम्मं काम पैसे मोजण्याआधीच करायचं असतं.

घेण्याआधी हे बघा

रेंज : आपल्या गावात, शेतात कोणत्या कंपनीचं नेटवर्क चालतं ते आधी बघा. ५जी सेवा देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, पण प्रत्येक वाडी-वस्तीवर ती सारखी मिळत नाही. शेतात ४जीच येत असेल तर ५जीसाठी जादा पैसे मोजायचे का, हा हिशेब घरीच करावा. शक्य असेल तर तोच फोन वापरणाऱ्या गावातल्या माणसाला विचारा.

मेमरी : खोक्यावर १२८ जीबी लिहिलेलं असलं तरी सगळी जागा वापरायला मिळत नाही. काही जागा फोनच्या स्वतःच्या यंत्रणेलाच लागते. 'रॅम वाढवता येते' असं सांगतात, तेव्हा ती स्टोरेजमधली जागा उसनी घेतलेली असते. खऱ्या रॅमइतकी ती वेगवान नसते. खरी रॅम किती, हे सरळ विचारा.

अपडेट : अँड्रॉइडचे आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे विचारा. जुनं मॉडेल स्वस्तात मिळतं, पण त्याची अपडेटची वर्षंही तेवढीच कमी उरलेली असतात. पुढं काही ॲप चालेनाशी होतात.

सर्व्हिस सेंटर : ते तालुक्याला आहे, जिल्ह्याला आहे की त्याहून लांब? दुरुस्तीसाठी दोन-तीन हेलपाटे झाले की एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून स्वस्त फोन महाग पडतो.

बिल नाही तर बळ नाही

'बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल' असं काही ठिकाणी ऐकायला मिळतं. मोबाईलवर जीएसटी १८ टक्के आहे हे खरं, पण खोक्यावरची एमआरपी सगळे कर धरूनच असते. एमआरपीच्या वर पैसे मागता येत नाहीत. दोन-तीनशे रुपये वाचवायला बिल सोडलं तर उद्या तो फोन त्याच दुकानातून घेतला हे सिद्ध करणं अवघड जातं. पक्क्या बिलावर तारीख, मॉडेल आणि आयएमईआय नंबर लिहून घ्या.

दुकानातच *#०६# डायल करा. स्क्रीनवर १५ आकडी आयएमईआय दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. जुना फोन घेत असाल तर हे टाळूच नका. KYM ही तीन अक्षरं (इंग्रजीतले के, वाय, एम), मग एक जागा सोडून आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात नंबर काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं तर तो फोन घेऊ नका. चोरीचा फोन विकत घेतला तर पैसे जातात आणि पोलीस चौकशीही मागं लागते.

हप्त्यावर घेताना सगळ्या हप्त्यांची बेरीज आणि प्रोसेसिंग फी मिळवून ती रोख किमतीशी ताडून बघा. हप्ता थकला तर सिबिलवर नोंद होते. पुढं बँकेत कर्ज मागायला गेल्यावर तीच नोंद आडवी येते.

फोन बिघडला तर

१. आधी दुकानदाराला आणि सर्व्हिस सेंटरला कळवा, तेही लेखी. फोन जमा केल्यावर जॉबशीट घ्या. तोंडी बोलण्याला पुढं पुरावा राहत नाही. पाण्यात पडलेला किंवा बाहेर उघडलेला फोन सहसा वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

२. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का बघून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं.

३. ऑनलाइन घेतलेला फोन असेल तर पार्सल फोडतानाच व्हिडिओ काढा. विक्री करणाऱ्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची, असा २०२० चा नियम आहे.

४. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं.

५. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आयोग दुरुस्ती, बदली फोन, पैसे परत आणि नुकसानभरपाई असे आदेश देऊ शकतो.

बियाण्याची पिशवी आणि बिल आपण पीक हाती येईपर्यंत सांभाळतो, कारण उगवलंच नाही तर तोच पुरावा असतो. मोबाईलचंही तसंच. खोकं, बिल आणि जॉबशीट एका पिशवीत घालून वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. बिलाचा फोटो काढलात तर तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरही पाठवून ठेवा. आपला फोन बंद पडला तर त्यातला फोटो काय कामाचा?