जपानी टर्बो, बोईसरची लान्सर आणि आरसीवरचं नाव

मागच्या भागानंतर बोईसरच्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, जुनी लान्सर विकायचीय. टर्बो बसवलाय, सस्पेन्शन खाली घेतलंय, एक्झॉस्ट एमआयडीसीत बनवून घेतलाय. ड्रिफ्ट कार म्हणून किती येतील?" उत्तर देतो, पण आधी जरा जपानला जाऊन येऊ.

१९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा रेसर वळणावर गाडीची मागची चाकं मुद्दाम घसरवायचा. त्याचं पाहून केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तेच करायला लागला. १९८७ मध्ये त्याचा 'प्लस्पी' हा व्हिडिओ आला आणि पोरांना वेड लागलं. त्यांची लाडकी गाडी म्हणजे निसान सिल्व्हिया. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. १९९१ पासून दोन लिटरच्या टर्बोतून २०५ अश्वशक्ती, १९९९ च्या एस-१५ मध्ये २५०. तीही कंपनीतूनच! २००२ मध्ये ती बंद झाली.

आता गंमत बघा. जपानमध्येही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे. म्हणून तिथल्या जुन्या गाड्या श्रीलंका, पाकिस्तान, केनिया, न्यूझीलंडला बोटी भरभरून गेल्या. आपल्याकडे नाही आल्या. २००१ पर्यंत आयातीला परवाना लागायचा. मग दार उघडलं, पण फटीएवढंच: गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त, आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात. म्हणजे देशातलं एकमेव दार आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, आणि तरी पालघरमध्ये सिल्व्हिया दिसत नाही.

मग आपल्या पोरांनी काय केलं? जे मिळालं त्यावर हात चालवला. एस्टीम, झेन, आणि १९९८ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने आणलेली मित्सुबिशी लान्सर. तारापूर एमआयडीसीत केमिकल कंपन्यांचे स्टेनलेस पाइप जोडणारे हात काय कसलेले असतात, हे मी लहानपणापासून बघतोय. त्यांना एक्झॉस्ट म्हणजे किस झाड की पत्ती. पण भावा, लान्सर पुढच्या चाकांवर चालते. हँडब्रेक ओढून मागचं ढुंगण फिरवणं म्हणजे सिल्व्हियाचा ड्रिफ्ट नव्हे. राग मानू नकोस.

कायद्याचं वळण याहून भारी आहे. १९९५ मध्ये जपानने गाडीतल्या बदलांचे नियम सैल केले. आपण २००० मध्ये मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आवळलं: आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला, दर बदलामागे, पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी वाढवायला तपासणीला न्यावी लागते. तिथे बॉनेट उघडलं की टर्बो काय लपतो?

म्हणून घेणारा पैसे मोजतो ते मूळ गाडीचे. तुझे लाखभर गेले असतील, ते त्याच्या हिशेबात नाहीत, उलट तो घासाघीस करेल.

आणि आता जे खरंच धोक्याचं आहे ते. आपल्याकडे सर्रास काय होतं? पैसे रोख, चावी हातात, सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०, आणि "नाव नंतर करून घेतो." गाडी हातोहात पुढे जाते. २००९ च्या एका अपघातात नेमकं हेच झालं होतं. गाडी अनेकदा विकली गेलेली, नोंद मात्र पहिल्याच मालकाची. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याचीच. विचार कर, तुझ्या हाताने ताकद वाढवलेली गाडी मनोरजवळ हायवेवर कुणीतरी उडवतोय, आणि नोटीस येते तुझ्या आईवडिलांच्या पत्त्यावर.

तर गाडी आधी मूळ रूपात आण. जुना एअर फिल्टर, जुना एक्झॉस्ट माळ्यावर असेलच. मग राज्यातच विकत असशील तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला विक्री कळव, आणि आरसीवर नवीन नाव दिसेपर्यंत ऑनलाइन बघत राहा. टर्बो आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह वेगळे विक, त्यांना आरसी लागत नाही.