‘कुंकू’ (१९३७) : स्थिरचित्रे

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ या मराठी चित्रपटासाठी चित्रीकरणाच्या काळात काढलेली कृष्णधवल छायाचित्रे. चित्रपट व्यवसायात त्यांना ‘स्टिल’ म्हणतात. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. पटकथाही आपट्यांनीच लिहिली. ‘दुनिया न माने’ ही त्याची हिंदी आवृत्ती. मराठी कादंबरी पडद्यावर आणताना पात्रांची वेशभूषा, घर आणि माणसामाणसांतले अंतर कसे ठरवले गेले, याचा पुरावा म्हणून ही छायाचित्रे मोलाची आहेत.

पार्श्वभूमी : प्रभातची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. आपट्यांच्याच ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून कंपनीने ‘अमृतमंथन’ (१९३४) काढला होता. ‘कुंकू’चा विषय जरठकुमारी विवाहाचा. फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. नीरेची भूमिका शांता आपटे यांनी, तर त्या वृद्ध विधुराची, काकासाहेबांची, केशवराव दाते यांनी केली. राजा नेने, विमला वसिष्ठ, वासंती व शकुंतला परांजपे यांच्याही भूमिका आहेत. छायालेखन व्ही. अवधूत यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे.

स्वरूप व तंत्र : स्थिरचित्र म्हणजे फिल्मच्या पट्टीतून कापलेली चौकट नव्हे. प्रसंगाचे चित्रण झाले की नट-नट्यांना जागेवरच थांबवून छायाचित्रकार वेगळ्या कॅमेऱ्याने, मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर तो प्रसंग पुन्हा टिपत असे. त्यामुळे साडीचा काठ, भिंतीवरची तसबीर, टेबलावरचे सामान असे बारकावे स्थिरचित्रात पडद्यापेक्षा स्पष्ट उमटतात. मात्र कॅमेऱ्याचा कोन बदललेला असतो आणि हावभाव मुद्दाम धरून ठेवलेले असतात. चित्रपटात नेमके काय घडते, ते स्थिरचित्रावरून ठरवता येत नाही. चित्रपटगृहाच्या काचपेटीत लावायचे फोटो, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि गाण्यांची पुस्तिका यांसाठी ही छायाचित्रे वापरली जात.

आशय : प्रभातच्या कलाविभागाची धुरा सांभाळणारे साहेबमामा फत्तेलाल यांच्या परंपरेतील नेपथ्याची जाण येथे दिसते. काकासाहेबांचे घर जुन्या वस्तूंनी भरलेले आहे. भिंतीवरचे जुने घड्याळ त्यांच्या वयाचे प्रतीक बनते. सावत्र मुलाच्या आगळिकीबद्दल नीरा त्याला छडीने बदडते, तो प्रसंग त्या काळच्या प्रेक्षकाला धक्का देणारा होता. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकातून वास्तववादी अभिनयाकडे वळलेले दाते आरशासमोर स्वतःचे म्हातारपण न्याहाळतात, तेव्हा खलनायक न दिसता केविलवाणा माणूस दिसतो. पुढे फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यातून त्यांचेच प्रतिबिंब त्यांना हसते. ही किमया चलत्‌चित्राचीच. स्थिरचित्र तिथे अपुरे पडते. घरातल्या व रस्त्यावरच्या स्वाभाविक आवाजांवर चित्रपटाचा मोठा भर आहे. नीरेच्या गाण्यांना ग्रामोफोनची साथ आहे. तेही छायाचित्रात येत नाही.

शकुंतला परांजपे यांच्या छायाचित्रांना आणखी एक महत्त्व आहे. काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका त्यांनी केली. रँग्लर र. पु. परांजपे यांची ही कन्या प्रत्यक्षातही संततिनियमनाचे काम करत होती. पुढे त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य झाल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या बाबतीत भूमिका आणि आयुष्य ही दोन्ही एकाच छायाचित्रात वाचता येतात.

ओळख पटवणे : मराठी व हिंदी आवृत्त्यांतील प्रमुख कलावंत तेच असल्याने सुटे स्थिरचित्र कोणत्या आवृत्तीचे, हे केवळ चेहऱ्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी मागचा शिक्का, कोपऱ्यातला क्रमांक, पुस्तिकेतील छापील चित्र आणि प्रत्यक्ष चित्रपट एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. हॉलिवूडमध्ये मार्गारेट मिचेल यांच्या कादंबरीवरील ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) या चित्रपटाचे निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांचे दप्तर टेक्सास विद्यापीठातील हॅरी रॅन्सम केंद्रात एकत्र राहिले. तिथे छायाचित्र, पत्रव्यवहार आणि वेशभूषेची रेखाटने शेजारी ठेवून अभ्यासता येतात. असे सलग दप्तर हाती नसते, तेव्हा प्रत्येक सुट्या छायाचित्राची नोंद अधिक काळजीने करावी लागते.

जतन : प्रभातचा स्टुडिओ पुढे सरकारने घेतला आणि १९६० मध्ये तेथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. हे संग्रहालय उभारणारे पी. के. नायर यांनी चित्रपटांबरोबर स्थिरचित्रे, भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जमवण्यावर भर दिला. जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. प्रभातच्या मूळ प्रतींचेही त्यात नुकसान झाले. कागदावरच्या छायाचित्रांची किंमत अशा वेळी कळते. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते आणि कालांतराने विघटन पावते. कागदी प्रत नीट ठेवली तर पुष्कळ टिकते.

जुनी स्थिरचित्रे आजही घरोघरीच्या पेट्यांत व रद्दीत सापडतात. ती लॅमिनेट करू नयेत, चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नयेत आणि मागे शाईने लिहू नये. मऊ पेन्सिलने हलक्या हाताने चित्रपटाचे नाव, कलावंत आणि फोटो कुठून मिळाला ते लिहावे, मूळ शिक्का झाकू नये आणि प्रत आम्लविरहित कागदात ठेवून संग्रहालयाला दाखवावी. नाव-गाव नसलेले छायाचित्र पुढच्या पिढीला निव्वळ जुना फोटो वाटतो; नोंद असलेल्या छायाचित्रावरून कादंबरी पडद्यावर कशी आली, हे समजते.