पोटातल्या पाण्यापर्यंत गोळी

यकृताच्या सिरॉसिसच्या रुग्णाचं पोट पाण्याने तट्ट फुगलं की नागपुरात ‘मेडिकल’ नाहीतर ‘मेयो’ रुग्णालय गाठतात. तिथे सुई घालून पाणी काढतात, शक्यतो बेंबीच्या खाली डाव्या अंगाला. सुश्रुतसंहितेतही जागा तीच बाजू धरून सांगितली आहे: नाभीखाली डावीकडे, रोमरेषेपासून चार बोटं सोडून. व्रीहिमुख शस्त्राने भोक पाडावं, नळी घालावी, सगळं पाणी एका दिवसात काढू नये, पोट कापडाने आवळून बांधावं.

पाणी काढायची विद्या इतकी जुनी. पण आतडं कुठेही फुटलेलं नसताना त्या पाण्यात जंतू माजतात, हे उमगायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. येलच्या हॅरल्ड कॉन यांनी १९६४ साली असे रुग्ण नोंदवले. जंतू आतड्यातलेच, बहुधा ई. कोलाय.

औषध तिथे पोचणार कसं? केशवाहिन्यांतून झिरपून. रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेला भाग मागे राहतो, मोकळा तेवढा पुढे सरकतो. रक्तात औषध भराभर चढतं-उतरतं. पाण्यात ते मागाहून चढतं आणि सावकाश ओसरतं. त्यामुळे भिस्त शिरेतल्या इंजेक्शनवरच होती. आधीच्या अमायनोग्लायकोसाइड प्रतिजैविकांनी मूत्रपिंडं बिघडायची. १९८५ च्या चाचणीनंतर सेफोटॅक्सिमने त्यांची जागा घेतली.

गोळीची कसोटी स्पेनमध्ये लागली. १९९६ मध्ये ऑफ्लोक्सासिनच्या गोळ्यांनी ८४ टक्के रुग्णांचा संसर्ग हटला, सेफोटॅक्सिमने ८५ टक्के. मात्र शॉकमधले, रक्ताची उलटी झालेले, गुंगीत गेलेले रुग्ण त्यात नव्हते, आणि हे विसरून गोळी लिहिणं धोक्याचं आहे.

औषधांच्या या वंशावळीत मला सर्वांत मोलाची वाटते ती नॉरफ्लॉक्सासिनची शाखा. हे औषध आतड्यातून कमीच शोषलं जातं, आणि तेच त्याचं बळ. ते जंतूंना उगमापाशी गाठतं. १९९० च्या चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत वर्षभरात संसर्ग उलटण्याची शक्यता २० टक्के होती, न घेणाऱ्यांत ६८. पाण्यात फारसं न उतरता गोळीने पाणी राखलं!

पण हीच गोळी आपल्याकडे साध्या जुलाबावरही वर्षानुवर्षं दिली गेली आणि जंतू निर्ढावले. आता औषध पाण्यात पोचतं, तरी जंतू मरतीलच असं नाही. म्हणून औषधाआधी पाण्याचा नमुना हवा. घन मिलिमीटरमागे २५० न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशी) दिसले की उपचार सुरू करायचे, कल्चरची वाट पाहायची नाही. आणि कल्चरच्या बाटलीत पाणी भरायचं ते रुग्णाच्या खाटेपाशीच; प्रयोगशाळेत नेऊन भरलं तर जंतू सापडण्याचं प्रमाण घटतं.