पाटीवरचं नाव

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. जावयाला गाड्यांचं भारी वेड. माझी उभी नोकरी डेट्रॉइटमध्ये गाड्यांच्या पत्र्याच्या डाय बनवण्यात गेली, म्हणून तो मोठ्या हौसेने आम्हाला माँटेरेच्या मोटार-मेळ्याला घेऊन गेला. गर्दीतून वाट काढत एका बुटक्या, तुकतुकीत गाडीपाशी नेऊन म्हणाला, "बाबा, ही बघा आपली गाडी!"

गाडीचं नाव होतं 'पिनिनफारिना बतिस्ता'. नाव अस्सल इटालियन, मग ही 'आपली' कशी? तर या कंपनीमागे पैसा मुंबईच्या महिंद्रांचा. हे ऐकून आमच्या हिने लगेच विचारलं, "म्हणजे ही गाडी नक्की कोणाची? त्यांची की आपली?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी त्या नावाची गोष्ट.

बतिस्ता फारीनाचा जन्म १८९३ चा. अकरा भावंडांतला हा दहावा. घरात त्याला 'पिनिन' म्हणत. इटलीच्या त्या भागातल्या बोलीत पिनिन म्हणजे धाकटा, आपल्याकडे 'छोटू' म्हणतात तसं. थोरल्या भावाचा तूरिन शहरात गाड्यांचे सांगाडे बनवण्याचा कारखाना होता. तिथे हा पोरवयातच पत्रा ठोकायला लागला. त्या काळी मोटार-कंपनी फक्त इंजिन आणि चासी द्यायची, वरचा साज गिऱ्हाइकाच्या पसंतीने असे कारागीर चढवायचे. लाकडाचा साचा करायचा, त्यावर पत्रा ठोकून ठोकून हवी ती गोलाई आणायची. नकाशापेक्षा हाताला आणि नजरेला मान होता.

१९२० च्या सुमारास हा तरुण अमेरिका पाहायला आला. हेन्री फोर्डने त्याला इथेच नोकरी देऊ केली, असं सांगतात. त्याने ती नाकारली आणि तो परत गेला. डेट्रॉइटमध्ये चार दशकं काढलेल्या माझ्यासारख्याला हा प्रसंग वाचताना थोडं अस्वस्थ व्हायला होतं, हे कबूल करतो.

१९३० साली त्याने तूरिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. मग युद्ध आलं. इटली हरली. १९४६ च्या पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात इटालियनांना प्रवेश नव्हता. तेव्हा पिनिन आणि त्याचा मुलगा सर्जिओ यांनी दोन गाड्या स्वतः चालवत पॅरिसला नेल्या आणि प्रदर्शनाच्या दारासमोर रस्त्यावरच उभ्या केल्या! आत जाणारे लोक आधी बाहेरच थबकू लागले. पुढच्याच वर्षी त्याने 'चिझितालिया २०२' या गाडीला रूप दिलं. तोवरच्या गाड्यांत बॉनेट वेगळं, मडगार्ड वेगळं, दिवे वेगळे, असे सगळे भाग जोडल्यासारखे दिसत. या गाडीत ते सगळे एकाच वाहत्या पृष्ठभागात मिसळून गेले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली भरवलेल्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली आणि पुढे आपल्या कायमच्या संग्रहातही घेतली.

त्याच वर्षी आणखी एक मजेदार भेट झाली. एन्झो फेरारीला पिनिनकडून गाड्या करून घ्यायच्या होत्या. पण फेरारी तूरिनला जाईना आणि पिनिन त्याच्या दारी जाईना. दोघंही मानी! शेवटी मधल्या तोर्तोना गावच्या एका खाणावळीत भेट ठरली. त्या जेवणातून जुळलेलं नातं जवळजवळ साठ वर्षं टिकलं. आज 'फेरारी' म्हटल्यावर जे रूप आपल्या डोळ्यांपुढे येतं, त्यातलं पुष्कळसं या घराण्याच्या हातचं आहे.

१९६१ साली तर नवलच झालं. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने 'पिनिन' हे लाडाचं नाव आणि 'फारीना' हे आडनाव जोडून 'पिनिनफारिना' असं अधिकृत आडनाव झालं. म्हणजे कारखान्याच्या पाटीवरचं नाव घराण्याला लागलं. १९६६ मध्ये पिनिन गेला, पुढे सर्जिओने घर सांभाळलं.

आपल्या डेट्रॉइटशीही या नावाचा संबंध आहे. १९५९ आणि ६० सालच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहॅमचे सांगाडे तूरिनमध्ये हाताने बनत. दोन वर्षांत मिळून अवघ्या २०० गाड्या झाल्या. नंतर १९८७ ते १९९३ या काळात कॅडिलॅक अलांटेचे सांगाडे इटलीत बनून बोइंग ७४७ विमानांतून, एका खेपेला ५६, असे इथे येत आणि इथे त्यांत इंजिन बसवलं जाई. मी इथे नवा असताना दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हा हमखास चेष्टेचा विषय असायचा. पत्रा विमानाने येतो, आणि आपण मात्र इकॉनॉमी क्लासने!

मोठ्या घरांनाही दिवस फिरतात. दुसऱ्या कंपन्यांसाठी गाड्या बनवून देण्याच्या धंद्यात पिनिनफारिना कर्जात बुडाली. २००८ साली सर्जिओचा मुलगा आंद्रेआ, जो कंपनी चालवत होता, तो स्कूटरच्या अपघातात गेला. त्यातच जगभर मंदी आली. २०१२ साली सर्जिओही गेला. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये करार झाला आणि महिंद्रा अँड महिंद्रा आणि पुण्याची टेक महिंद्रा यांनी मिळून कंपनीचा सुमारे ७६ टक्के हिस्सा घेण्याचं ठरवलं. ज्या महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या वर्षात विलिस जीप जोडायला सुरुवात केली, त्यांच्या हाती फेरारीला रूप देणारं घराणं आलं. सर्जिओचा दुसरा मुलगा पाओलो मात्र २०२४ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत अध्यक्षपदावर राहिला.

पिनिनने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सजवल्या. नुसतं आपलंच नाव असलेली गाडी निघावी, हे आजोबांचं स्वप्न होतं, असं पाओलो सांगत असे. ते स्वप्न पुरं करायला महिंद्रांनी २०१८ साली 'ऑटोमोबिली पिनिनफारिना' ही वेगळी कंपनी काढली. मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाला गाडी लोकांपुढे आली, आणि तिला नाव दिलं आजोबांचंच, बतिस्ता.

गाडी पूर्ण विजेची. चार चाकांना चार मोटरी, मिळून १९०० अश्वशक्ती. १२० किलोवॅट-अवरची बॅटरी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकारात, दोन सीटांच्या मधून जाऊन मागे पसरलेली. त्यामुळे बसणाऱ्याच्या खाली बॅटरीचा थर येत नाही आणि गाडी बुटकी ठेवता येते. पत्र्याच्या धंद्यातल्या माणसाला यातली खरी अडचण लगेच कळते. जुन्या गाडीचं लांब नाक आणि रुंद जाळी यांना इंजिनामुळे अर्थ होता. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, मग चेहरा कशाचा करायचा? पण बॅटरी आणि मोटरीही तापतातच, त्यांना वारा लागतोच. म्हणून वाऱ्याच्या वाटा कोरून काढल्या आहेत, पण त्या अंगाच्या वळणात अशा मिसळल्या आहेत की भोकं पाडल्यासारखं वाटत नाही. १९४७ च्या चिझितालियाचा धडा तो हाच.

आवाजाचीही गंमत आहे. विजेची गाडी मुकी, म्हणून हिच्यासाठी मुद्दाम आवाज रचला. त्याचा पाया ५४ हर्ट्झचा. त्याची आठपट म्हणजे ४३२, जो सूर संगीतकार व्हेर्दीच्या नावाने ओळखला जातो. आधी तंबोरा लावून घ्यावा, तसंच हे.

एकंदर १५० च गाड्या बनवायच्या, किंमत वीस लाख युरोंच्या घरात. २०२२ मध्ये पहिली गाडी गिऱ्हाइकाला मिळाली. २०२३ साली इंदूरजवळच्या नॅट्रॅक्सच्या धावपट्टीवर हिने पाव मैल ८.५५ सेकंदांत कापला.

आता तुम्ही म्हणाल, यात पिनिनफारिनाचं उरलं काय? पैसा मुंबईचा. बॅटरी आणि मोटरींचं तंत्र क्रोएशियाच्या रिमॅक कंपनीचं. कंपनीचं मुख्य कार्यालय म्युनिकला. इटलीचं म्हणाल तर रूप आणि तूरिनजवळ कांबियानोला हाताने होणारी जुळणी. मग हा वारसा की विकत घेतलेली पाटी?

इथे माझी गोष्ट येते. माझे बाबा डेंटर होते. परळच्या एका गल्लीत त्यांचं छोटं गॅरेज होतं, दारावर आमच्या आडनावाची निळी पाटी. फियाट आणि अँबॅसेडरच्या पोचट झालेल्या दारांवर ते हातोडी चालवत. लांबी भरून, पॉलिश पेपर मारून झाला की डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवत. कुठे केसाएवढा उंचवटा राहिला तरी त्यांना कळायचा. मी ते काम शिकलो नाही. अभ्यास कर, हात काळे करू नकोस, असं त्यांनीच बजावलं होतं.

१९९८ साली त्यांच्याने होईना, तेव्हा त्यांनी गॅरेज आपल्या हाताखाली तयार झालेल्या मुलाला देऊन टाकलं. सुट्टीवर गेलो तर पाटी तशीच! मला राग आला. मी म्हटलं, "बाबा, जागा दिलीत ते ठीक, पण नाव आपलं आहे. पाटी उतरवून घ्या." बाबा शांतपणे म्हणाले, "तू चालवणार आहेस का गॅरेज? नाही ना? मग राहू दे. त्याचा हात माझ्यासारखा चालतो." मी पुढे काही बोललो नाही, पण मनातून ते मला पटलं नव्हतं. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. आता बाबाही नाहीत.

माँटेरेला गर्दी जरा पांगली तेव्हा मी त्या गाडीजवळ वाकलो. हात लावायची परवानगी नव्हती. नुसतीच मागच्या चाकावरच्या वळणावरून नजर फिरवली. कुठेही अडखळली नाही. पत्रा नव्हताच तो, कार्बन फायबर होतं. तरी ज्याने ते वळण काढलं, त्याला तळव्याची भाषा येत होती.

पाटी विकत घेता येते, यात शंका नाही. पण तिच्या खाली उभं राहून तसंच काम करावं लागतं, ते कोणी विकत देत नाही. परळच्या त्या मुलाने ते केलं आणि माझ्या आडनावाचा मान राखला. मी रक्ताचा वारस असून माझ्याकडून ते झालं नव्हतं.

हिच्या प्रश्नाचं उत्तर मी परतीच्या विमानात दिलं. म्हटलं, "ज्यांचा हात चालतो, त्यांची." ती म्हणाली, "मग तेव्हा बाबांशी भांडलास कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या भारतवारीत परळला जाऊन ती पाटी पुन्हा एकदा बघायची, एवढं मात्र तेव्हाच ठरवून टाकलं.