साथीच्या काळातील वऱ्हाडचे संशोधन : मोजणीचा एक प्रश्न

एखाद्या प्रदेशाने विशिष्ट कालखंडात किती विज्ञानसंशोधन केले, हे प्रसिद्ध निबंधांच्या संख्येवरून ठरविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. तिचा इतिहास फार जुना नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन् यांनी १९४८ साली ग्रंथालयाच्या व्यवहारास संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली. डेरेक द सोला प्राइस यांचा विज्ञानाच्या वाढीवरील ग्रंथ १९६३ साली निघाला, आणि त्याच सुमारास यूजीन गारफील्ड यांची उद्धरणसूची अवतरली. तेव्हापासून निबंध, त्याचे लेखक, लेखकांचा पत्ता आणि इतरांनी केलेला उल्लेख या चार गोष्टींवर विज्ञानाचा जमाखर्च मांडला जातो. कोरोना-साथीच्या वर्षांत हा जमाखर्च अमरावती व अकोला या जिल्ह्यांस लावू गेल्यास वऱ्हाडच्या कामाचा कोणता भाग त्यात उतरतो व कोणता निसटतो, हे पाहण्यासारखे आहे.

असा प्रसंग वऱ्हाडावर पूर्वी एकदा आला होता. १९१८ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत व वऱ्हाडात जो संहार केला, त्याची गणना ब्रिटिश हिंदुस्थानातील अत्यंत तीव्र संहारांत होते. १९११ साली साडेतीस लाखांच्या आसपास असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९२१ च्या खानेसुमारीत जवळजवळ तेथेच थबकलेली दिसते. परंतु या साथीचे शास्त्र वऱ्हाडात लिहिले गेले नाही. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांचा प्राथमिक अहवाल १९१९ साली निघाला. पुढे किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ साली देशातील मृत्यूंचा अंदाज सुमारे १ कोटी ८० लाखांवर नेला, तर २०१२ साली झालेल्या एका फेरमांडणीने तो १ कोटी ४० लाखांच्या जवळ आणला. या सर्व गणितांचा पाया म्हणजे गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि खानेसुमारीचे आकडे. ते आकडे पुरविणाऱ्यांत वऱ्हाड होते. निबंध लिहिणाऱ्यांत ते नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते, कारण अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघाले तेच मुळी १९२३ साली.

शंभर वर्षांनी स्थिती पुष्कळ पालटली होती. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ व २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. अमरावतीस १९८३ पासून विद्यापीठ होते. २०२० च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही शहरांत रुग्ण आढळले, तेव्हा तपासणीसाठी नागपूरकडे पाहावे लागत होते. त्याच उन्हाळ्यात अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या विद्यापीठात तपासणीची सोय उभी राहिली. यांतील दुसरी घटना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अमरावतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली आले. त्यामुळे रुग्णालयाशी एरवी संबंध नसलेल्या विद्यापीठीय प्रयोगशाळेने रोजच्या नमुन्यांचा भार उचलला. जे हात शांततेच्या काळात शोधनिबंधासाठी प्रयोग करीत, तेच आता घशातील स्रावाचे नमुने तपासू लागले. निबंधसूचीत या श्रमाची नोंद होत नाही. उलट, त्या काळात हातून न झालेले संशोधन मात्र पुढील वर्षांच्या आकड्यांत तूट म्हणून दिसू शकते.

आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तर वऱ्हाड एकाएकी साऱ्या देशाच्या दृष्टीपुढे आले. रुग्णसंख्या इतकी चढली की २० फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावतीत टाळेबंदी लावावी लागली, आणि २२ तारखेपासून ती आठवडाभर वाढली. अकोल्यावरही निर्बंध आले. २३ फेब्रुवारीस केंद्र सरकारच्या वतीने सांगण्यात आले की, महाराष्ट्रात एन ४४० के व ई ४८४ क्यू हे विषाणूतील बदल आढळले आहेत, परंतु रुग्णवाढीचे कारण तेच, असे म्हणण्यास आधार नाही. २४ मार्चच्या निवेदनात ई ४८४ क्यू व एल ४५२ आर हे बदल राज्यातील १५ ते २० टक्के नमुन्यांत असल्याचे आले. पुढे काही परदेशी वार्तापत्रांनी डेल्टाचा उगमच अमरावतीस नेऊन ठेवला. ज्या ई ४८४ क्यू वरून हा गाजावाजा सुरू झाला, तो बदल डेल्टात नाहीच, तो कप्पा या भावंडात आहे, ही गोष्ट त्या गडबडीत फारशी कोणी ध्यानात घेतली नाही.

या घटनेचे शास्त्रीय फलित काय? महाराष्ट्रातील दुसऱ्या लाटेतील विषाणूच्या बदलांवर एक महत्त्वाचा निबंध जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे काम प्रामुख्याने पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था व दिल्लीचे राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्र यांच्या नावावर आहे. यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. जनुकक्रम वाचण्याची यंत्रे व तज्ज्ञ जेथे होते, तेथेच ते काम झाले. परंतु पत्त्यावरून मोजणारा मनुष्य त्या निबंधाचे पुण्य पुण्यास व दिल्लीस देईल, आणि नमुना जेथून निघाला तो जिल्हा कोराच राहील. जेथे एखाद्या स्थानिक लेखकाचे नाव असेल, तेथेही पद्धतीप्रमाणे फळ बदलते. वीस लेखकांतील एक अकोल्याचा असल्यास पूर्ण मोजणीत अकोल्यास एक निबंध मिळतो, अंशमोजणीत एकाचा विसावा भाग.

मोजणाराने पत्त्याचीही परीक्षा करावी लागते. अमरावतीची जुनी इंग्रजी वर्णयोजना ‘अमरावती’ नसून ‘अमरावटी’सारखी वाचली जाण्याजोगी, ओ-टी-आय वळणाची होती. शिवाय आंध्रातील अमरावती हीही आता उच्च शिक्षणसंस्थांची जागा झाल्याने तिचे निबंध वऱ्हाडच्या पदरात पडू शकतात. अकोल्याची गत तीच. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका इंग्रजीत ‘अकोला’ असाही लिहिला गेला आहे. विद्यापीठांच्या नावांची वाढ झाली ती वेगळीच : अमरावती विद्यापीठामागे संत गाडगे बाबांचे नाव पुढे लागले, आणि पंजाबराव कृषी विद्यापीठ कधी पूर्ण नावाने तर कधी ‘पीकेव्ही’ या आद्याक्षरांनी आढळते. यंत्राने काढलेल्या याद्यांवर विसंबून प्रदेशांची क्रमवारी लावणारे या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात, हे नवलच.

तथापि तपासलेल्या प्रत्येक नमुन्यास संशोधन म्हणावे, असे मात्र नव्हे. नेमून दिलेल्या पद्धतीने रोज हजारो नळ्या तपासणे ही थोर सेवा आहे, ज्ञानाची नवी भर नव्हे. दोहोंची सरमिसळ केल्यास प्रदेशाचा अभिमान सुखावेल, मोजमाप बिघडेल. या सेवेचा रकाना वेगळा हवा. त्याखेरीज तिसरा रकाना अशा कामाचा, की ज्यावाचून दुसऱ्याचे संशोधन घडलेच नसते : निवडक नमुने जपणे, रुग्णाची माहिती त्यांस जोडणे, योग्य वेळी ते पुढे धाडणे.

हा तिसरा रकाना भरण्याची सोय उपलब्ध आहे. विषाणूंच्या जनुकक्रमांचे जीआयएसएआयडी हे जागतिक भांडार प्रत्येक नोंदीत दोन प्रयोगशाळांची नावे मागते : नमुना जेथून आला ती, आणि जनुकक्रम ज्यांनी सादर केला ती. स्थळ व नमुना घेतल्याची तारीख याही नोंदी तेथे असतात. २०२० च्या एप्रिलपासूनच्या नोंदींत अमरावती, अकोला व शेजारचे वऱ्हाडी जिल्हे या पहिल्या नावाखाली किती वेळा येतात आणि दुसऱ्या नावाखाली किती वेळा, हे वर्षवार मांडल्यास निबंधसूचीशेजारी ठेवण्याजोगे दुसरे कोष्टक तयार होईल. स्थानिक प्रयोगशाळांच्या आवकजावक वह्या त्याच्या पडताळ्यास लागतील; त्या रद्दीत जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मागून घ्याव्यात.